खरवडीची शिंपी बहारीनला जाऊन आली

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या जवानाने माझ्या खिशातला रुमाल सोडला, आतली शिंपी दोन बोटांत धरली आणि विचारलं, "बाबा, हे काय?"

"शिंपी."

"कशाला?"

"दुधाचं पातेलं खरवडायला."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शिंपीकडे, आणि रुमाल होता तसा बांधून दिला. मागे उभी असलेली बाई हसली. हसू दे.

ती शिंपी माझ्या बायकोची, सुमतीची. आमच्या राजापूरकडच्या किनाऱ्यावर खडकाला टोपी घातल्यासारखी चिकटून बसते त्या जातीची, पण चांगली मोठी. दूध लागलं की सुमती शिंपीच्या माथ्यावर अंगठा टेकवून पातेलं खरवडायची आणि खरवड (तळाला लागलेलं दूध) बशीत घालून माझ्यापुढे सरकवायची. खरवडून खरवडून शिंपीची एका बाजूची कड झिजली होती. सुमती गेली, साड्या पोरीबाळींनी नेल्या, भांडी वाटली गेली. शिंपी तेवढी उचलून खिशात टाकली. तेव्हापासून घरात दूध आणलं नाही. चहा कोरा.

मुलगा सुहास फोनवर रोज म्हणायचा, बाबा, थोडे दिवस इकडे या, हवापालट होईल. हवेने काय होतंय? पण घरात भिंती बघून कंटाळलो होतो, म्हणून निघालो. मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात काही चुकलं तर सोडून द्या.

विमान उतरायला लागलं तेव्हा खाली समुद्र दिसला. हिरवट, उथळ, गप्प पडलेला. आमचा समुद्र सारखा आरडाओरडा करतो. याला बघून वाटलं, कोणीतरी दटावून बसवलंय.

सुहास बहारीनमध्ये माहूज भागात राहतो. इमारतीला लागून इमारत, सगळ्या वाळूच्या रंगाच्या. पावसाची भीतीच नाही, म्हणून छपरं सपाट आणि पागोळ्यांची सोय कुठेच नाही. सुहास घराबाहेर पडताना रोज खिसा चाचपतो. त्यात त्याचं रेसिडेंट कार्ड असतं. "बाबा, हे हरवलं तर इथे मी कोणीच नाही," असं तो म्हणाला. मी माझा खिसा चाचपला. माझंही तसंच होतं.

नात ईरा सातवीत. मराठी तिला समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आम्ही दोघं पहिले दोन दिवस एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. मग कळलं की तिच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे आणि तिला समुद्राच्या तळाशी असलेली एक चिमणी, म्हणजे धुराडं, बनवायची आहे. चिमणी म्हटल्यावर मी जागा झालो. बांधकाम असेल तर मला भाषा लागत नाही.

शिंपल्या गोळा करायला आम्ही अमवाज आयलंड्सला गेलो. ही बेटं देवाने केलेली नाहीत, भराव घालून केलेली आहेत. वर बंगले, मधून पाणी, पाण्यात बोटी. भराव कितपत दाबलाय हे मी टाच आपटून बघितलं. सुहास म्हणाला, "बाबा, चला पुढे, लोक बघतायत."

बांधाच्या दगडांवर टोपीवाल्या शिंप्या होत्या, आमच्याकडच्यापेक्षा बारीक. मी एकीला बोट लावलं, ती लगेच दगडाला गच्च बसली. ईराला म्हटलं, आता ओढ बघू. तिने नखं लावली, काही होईना. तेव्हा ती खळखळून हसली आणि बोलायला लागली. अर्धं मला सुहासने सांगितलं.

तिच्या चिमणीवर बसते त्या शिंपीचं नाव लिंपेट. हीच जात, पण ही राहते खोल समुद्राच्या तळाशी. तिथे उजेड पोचत नाही, काही उगवत नाही. तळाला भेग पडते, तिच्यातून कढत पाणी वर येतं आणि पाण्यातल्या खनिजांची आपोआप चिमणी बांधली जाते. मी म्हटलं, म्हणजे उन्हाळे. आमच्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. सुमती गुडघ्यांसाठी तिथे आंघोळीला जायची आणि येताना अंगाला गंधकाचा वास घेऊन यायची. ईरा म्हणाली, तोच वास, आजोबा. त्या वासाच्या वायूवरच तिथले जंतू जगतात. आणि लिंपेट जंतूंवर जगतात. शिवाय काही जंतू लिंपेट आपल्या कल्ल्यांवर बाळगतात, आपण गोठ्यात गाई बाळगतो तसे.

"खातात कसे? तोंड आहे?"

"टंग आहे," ती म्हणाली, आणि जीभ बाहेर काढून हवेत घासून दाखवली. जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात. दगडावर जंतूंची साय धरते, ती हे खरवडतात. साय हा शब्द सुहासचा. मी शर्टाच्या खिशातला रुमाल चाचपला.

प्लॅस्टर मी कालवलं. बाल्कनीत बनियनवर बसून जाळीला गुडघाभर उंच चिमणी चढवली आणि ईराला म्हटलं, भराभर शिंपल्या दाब, घट्ट झालं की माझं ऐकणार नाही. सुनेने, मानसीने, गोळा केलेल्या शिंपल्या वाडग्यात आणून ठेवल्या होत्या. मी आत हात धुवायला गेलो. परत आलो तर काम फत्ते. तळाशी असे लिंपेट एकावर एक बसतात म्हणे, मोठा खाली, लहान वर, चवड लागते. ईराने तशाच चवडी लावल्या होत्या, वरचे गोंदाने चिकटवून. दुपारी सुहासने चिमणी गाडीत घालून शाळेत पोचवली. रंग ईरा तिथेच देणार होती.

त्या संध्याकाळी काम झाल्याच्या आनंदात आम्ही अदलियाला एका हॉटेलात जेवायला गेलो. मचबूस (मसालेभात, त्यावर अख्खा मासा) आला. त्यात काळं ठिक्कर लिंबू निघालं. मी वाढणाऱ्याला बोलावून सरळ हिंदीत सांगितलं की लिंबू कुजलंय तुमचं. तो मराठीत म्हणाला, "काका, कुजलेलं नाय ओ. लुमी आहे ती. मुद्दाम वाळवतात." खेडचा निघाला. "मी पण आलो तेव्हा पहिल्यांदा फेकूनच दिलं होतं," असं म्हणून त्याने मला जास्तीचा भात वाढला. भात चांगला होता. हात पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, आणि खिसा रिकामा.

दुसरा खिसा. पँटचे खिसे. मानसी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, सकाळी तुमचा शर्ट मशीनला लावला. रुमालात एक शिंपली होती... मला वाटलं ईराचीच. मी वाडग्यात टाकली."

ती रडायला लागली. मी ताट तसंच सोडलं. घरी आल्यावर ईराला विचारलं. सगळ्यात मोठी शिंपी कुठे लावलीस? ती म्हणाली, सगळ्यात मोठी चवडीत खाली, वर पाच आहेत.

"उद्या जाऊन फोडून काढतो," मी म्हटलं.

सुहास म्हणाला, "बाबा, परवा प्रदर्शन आहे तिचं."

ईरा तिच्या खोलीत निघून गेली आणि दार लावून घेतलं. मी थांबलो. थांबलो म्हणजे दुसरा दिवस कसाबसा काढला. आयुष्यभर माझ्या हातचं प्लॅस्टर निखळलं नाही हा माझा तोरा. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा वाटलं, हे एक काम कच्चं झालेलं असू दे.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये चिमणी उभी होती, काळी, तांबूस डागांची, शिंप्यांनी लगडलेली. सगळ्या एका रंगाच्या. माझी कुठली, ओळखू येईना. शेजारच्या टेबलावर एका मुलाने मोती काढणाऱ्यांची होडी केली होती. त्याचे आजोबा पांढऱ्या पायघोळ झग्यात खुर्चीवर बसले होते. त्यांना हिंदी येत होतं. त्यांचे वडील पाणबुडे होते. या समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचे झरे आहेत, वडील कातड्याची पखाल घेऊन बुडी मारायचे आणि झऱ्याच्या तोंडाशी धरून भरून आणायचे, असं म्हणाले. खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोडं पाणी. मी त्यांना आमच्या गरम पाण्याच्या उन्हाळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "मीठा हमारा, गरम आपका. पत्ती मिल जाए तो चाय." मला खरंखुरं हसू आलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

परीक्षक आले तशी ईरा सावरून उभी राहिली आणि इंग्रजीत धडाधड बोलली. सुहास माझ्या कानाशी सांगत होता. एका बाईंनी विचारलं, झरा बंद पडला तर? ईरा म्हणाली, तर तिथले मोठे लिंपेट मरतात, त्यांना जाता येत नाही. पण पिल्लं त्याआधी पाण्यात सुटलेली असतात. शिदोरी पोटातच असते. काळोखात वाहत जातात, त्यातली काही दुसऱ्या झऱ्याला लागतात. कशी लागतात, ते अजून कोणाला नीटसं माहीत नाही.

ते ऐकून मी सुहासकडे पाहिलं. तो खिशावर हात ठेवून उभा होता.

परीक्षक वळले, आणि ईरा त्यांच्यामागून एकदम मराठीत म्हणाली, "हा खालचा माझ्या आजीचा आहे. ती त्याने दूध स्क्रेप करायची. आता आम्ही तो काढणार." परीक्षकांना काही कळलं नाही. मला कळलं.

मी चिमणीपुढे गुडघ्यांवर बसलो. ईराने चवड दाखवली. मी तिच्या बुडाशी नख फिरवत गेलो. सगळीकडे प्लॅस्टर गच्च. एका जागी मात्र नख आत गेलं. झिजलेली कड. तिथे शिंपी नीट टेकलीच नव्हती, बारीकशी फट राहिली होती.

"काहीतरी पातळ द्या."

कोणाकडे काही नव्हतं. सुहासने खिशातून रेसिडेंट कार्ड काढलं.

"वाकवू नका हां बाबा," तो म्हणाला, पण दिलं.

कार्डाचा कोपरा फटीत घातला आणि हळूहळू हलवला. शेजारचे आजोबा उठून बघायला आले, मानसीने डोळे मिटले. कट्ट आवाज झाला. मला वाटलं, फुटली. हातात आली ती अख्खी होती. आतून स्वच्छ, गुळगुळीत. तिच्या आतल्या पोकळीत घट्ट झालेल्या प्लॅस्टरचा गोळा चिमणीवर तसाच राहिला, शिंपीच्या आतल्या रेघांसकट. "यल्ला, खलास (चला, झालं)," शेजारचे आजोबा म्हणाले आणि टाळी वाजवली. ईराने हात दिला तेव्हा उठलो.

वरच्या पाचातल्या चार घरी पाण्यात भिजवल्यावर सुटल्या. पाचवी, थेट मोठीच्या माथ्यावर बसलेली, सुटेना. ईरा म्हणाली, ओढू आजोबा? मी म्हटलं, नको. सुहास तोवर दिव्याखाली कार्डाचा कोपरा तपासत होता. मानसी त्याला म्हणाली, "बघा किती वेळ बघायचंय ते. बाबांनी तुमच्यापेक्षा जपून वापरलंय."

बक्षीस होडीला मिळालं. चिमणी आता सुहासच्या बाल्कनीत आहे. तो गोळा ईराने तसाच ठेवलाय, वर दुसरी शिंपी लावू देत नाही.

गावी परत आलो त्या दिवशी पहिल्यांदा दूध घेतलं. गॅसवर ठेवलं आणि मुद्दाम लागू दिलं. मग शिंपी घेऊन खरवडायला बसलो. माथ्यावर अंगठा टेकवला की ईराची बारकी शिंपी टोचते, जरा जागा बदलून धरावी लागते. सुमतीइतकी खरवड निघाली नाही. पण बशीभर निघाली, आणि मी ती उभ्याउभ्याच खाल्ली.