अजगराचं पिल्लू

साप मला एकदाच चावला, पण त्याचे किस्से काही संपत नाहीत. लग्नात, बारशात, कुठेही गेलो की कुणीतरी खुर्ची ओढून जवळ बसतं, "सांग ना गा, ते सापाचं!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो, पण तोंडापुरता. कारण हा सगळा उद्योग ज्याच्यामुळे झाला, त्याने आजपर्यंत "चुकलं माझं" एवढं दोन शब्दांचं वाक्य उच्चारलेलं नाही.

आमचा हायकिंग ग्रुप तिघांचा. नंदू, प्रमोद आणि मी. शाळेपासूनचे दोस्त. दर रविवारी रामटेककडच्या टेकड्या. नंदूचं धरमपेठेत चष्म्याचं दुकान आहे, पण ग्रुपमध्ये तो लीडर! रस्ता कोणता, थांबायचं कुठे, झाडावरचा पक्षी कोणता, सगळं तोच ठरवणार. पक्षीसुद्धा नंदूला विचारून उडतात, असं प्रमोद म्हणायचा.

*

त्या रविवारी पायवाटेच्या कडेला एक जाडजूड साप वेटोळं करून पडला होता. अंगावर गोल गोल ठिपके. मी जागच्या जागी थांबलो.

"घाबरतं काहून? अजगराचं पिल्लू आहे!" नंदू म्हणाला. "विष नसते त्याले. बाजूले बस, फोटो मस्त येईन!"

सापाच्या तोंडून कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज येत होता.

"हा तं चिडला दिसते गा," मी म्हणालो.

"लाजून राहिला तो!" लीडरचा निर्णय झाला.

मी बसलो आणि सापाने घोट्याच्या वर दात रोवले. मी जोरात ओरडलो. प्रमोद मोबाइल तसूभरही न हलवता म्हणाला, "हलू नको बे, व्हिडिओ चालू आहे!"

*

टेकडी उतरली की खालच्या टपरीवर तर्री-पोहे, म्हणजे वर लालभडक रस्सा ओतलेले पोहे खायचे, हा ग्रुपचा नेम. मी म्हटलं, आधी दवाखान्यात चला.

"अजगर चावला म्हणून कोणी दवाखान्यात जाते का?" नंदू म्हणाला. "डॉक्टर हसतीन आपल्याले. पोहे खा, बरं वाटन."

गाडी नंदूची, चावी नंदूच्या खिशात. दोघं निवांत जेवल्यासारखे खात बसले. नंदूने तर्री पुन्हा मागितली. माझा पाय एवढा सुजला होता की मोजा मांसात रुतला होता. त्यांच्या आग्रहाखातर मी एक घास घेतला, तोंडात काहीतरी विचित्र लागलं म्हणून थुंकलो, तर सगळं लाल.

"रक्त आहे गा!"

नंदूने मान वाकडी करून बघितलं. "तर्री आहे गा ती!"

मी खुर्चीवरून खाली पडलो, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, साप कोणता? प्रमोदने व्हिडिओ पुढे केला. त्यात साप पूर्ण, माझा पाय अर्धा, आणि मागून नंदूचं निवेदन.

"अजगर नाही, ही घोणस आहे," बाई म्हणाल्या. "भयंकर विषारी. आणि एवढा उशीर का केला?"

प्रमोदने नंदूकडे बघितलं. नंदूने छताकडे बघितलं. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होतो. मला वाटलं, आता हा बोलेल.

"ट्रॅफिक होतं, मॅडम!"

रविवारी सकाळी! रामटेकच्या रस्त्याला!

*

माझ्या किडन्या बंद पडल्या होत्या. मशीनवर रक्त धुणं चालू होतं आणि माझी बायको सुनीता बाहेरच्या बाकावर बसून देव आठवत होती. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. तीच टेकडी, दोघांचे अंगठे वर. खाली नंदूने लिहिलं होतं, "मिस यू भाऊ! तुझ्या वाटचे पोहे आम्हीच खाल्ले!"

सुनीताने माझ्या मोबाइलवरून उत्तर दिलं, "भाऊजी, मिस करून राहिले तं इथं येऊन बसा. हे डायलिसिसवर आहेत."

दोघांनी एकेक हात जोडलेला इमोजी पाठवला.

*

किडन्या वाचल्या. पायाचं मांस मात्र सडलं, ते कापून मांडीची कातडी वर चिकटवली. आता घरातल्या घरातही मी भिंत धरून चालतो. सापावर माझा राग नाही, त्याने आधी बजावलं होतं. राग नंदूवर आहे, आणि तो मला आतून खातो, कारण माणूस जवळचा आहे.

परवा संध्याकाळी तो एकटाच घरी आला. सुनीताने चहा ठेवला आणि मुद्दाम आत निघून गेली. नंदू बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

"एक बोलाचं होतं गा," तो हळू आवाजात म्हणाला. "किती दिवसांपासून मनात आहे. कसं बोलू, समजून नाही राहिलं."

माझा अर्धा राग तिथेच उतरला. त्याचा हात धरून मी म्हणालो, "बोल ना बे. आपल्यात काय संकोच?"

"कळमेश्वरच्या एका कारखान्यात मले भाषणाले बोलावलं आहे. साप चावला तं काय कराचं, या विषयावर. तुझ्या पायाचा फोटो टाकून पाहिला, पण तेवढा इफेक्ट येत नाही गा. तूच चाल ना सोबत! आणि सँडल घालून येजो, स्टेजवर काढाले सोपं पडते."