घंटा झाली का?

मी गाव सोडलं ते मधल्या सुट्टीत. सुट्टी अर्थात माझी नव्हती, अण्णांची होती. माझे वडील आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. लग्नानंतर आठवडाभरानं मी मिलिंदसोबत वाळूजला निघाले, तेव्हा तेवढ्या वेळात ते फाट्यावर धावत आले होते. काळी-पिवळी जीप काही भरत नव्हती. ड्रायव्हर 'गंगापूर, वाळूज' ओरडून घसा कोरडा करत होता, माय माझ्या पिशवीतला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उगाच इकडून तिकडं करत होती आणि अण्णा सारखं मनगटावरचं घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "घर सुटलं तरी चालंल, शाळा सुटू देऊ नको." एवढं बोलून ते माघारी वळले. सुट्टी संपल्याची घंटा त्यांनाच द्यायची होती. जीप हलली तेव्हा ती मला ऐकू आली, आणि मग मी रडले.

तुम्ही जे गावातच राहिलात, त्यांना अण्णांची घंटा माहीत आहे. जे माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, वाळूजला निघून गेलात, त्यांनाही ती विसरता आली नसेल. पण 'शाळा सुटू देऊ नको' या वाक्याचं वजन आमच्या घरापुरतं वेगळं होतं. आमचा आज्जा शाळेच्या दाराबाहेर बसून शिकला, म्हणजे जेवढं बाहेर ऐकू आलं तेवढं. अण्णा दाराच्या आत गेले, सातवीपर्यंत पोचले आणि पुढं त्याच शाळेचं दार रोज उघडायला लागले. मी डी.एड. केलं आणि वाळूजच्या एका इंग्रजी शाळेत बाई झाले. पहिल्या दिवशी वर्गातल्या खुर्चीवर बसले तेव्हा आज्जाची आठवण आली होती.

आणि मीच पुढं माझ्या लेकीला शाळेतून काढलं.

असं ऐकल्यावर लोक आधी डोळे मोठे करतात, म्हणून कारण सांगते. माझी मुलगी मैत्री बोलायला लागल्यापासून नुसती प्रश्नांची पोतडी होती. मुंगी झोपते का, पाण्याला वास का नाही, बाबांच्या कंपनीत रात्री उजेड कोण करतं. ती पहिलीत गेली आणि काही महिन्यांतच तिचे प्रश्न बंद झाले. मला वाटलं, शहाणी झाली. मग एकदा मी भाकरी थापत होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभी. म्हणाली, "मे आय ड्रिंक वॉटर?" मी हसले. ती हसली नाही. परवानगी मिळेपर्यंत तशीच उभी राहिली, तहानलेली, आपल्याच घरात. त्यात मिलिंदच्या शिफ्टा. सेकंड शिफ्टला तो असला की मैत्री शाळेतून यायच्या आत हा गेलेला, आणि सकाळी ती निघताना हा झोपलेला. बापाचे बूट तेवढे दारात दिसायचे.

खूप बोललो आम्ही दोघं, भांडलोही. मग मी नोकरी सोडली आणि मैत्रीला घरी शिकवायला लागले. पुढं परीक्षा बाहेरून देता येते, त्याची चौकशी आधीच करून ठेवली होती. धाकटा सम्यक तर शाळेच्या वाटेला गेलाच नाही.

आमची शाळा कशी चालते? सकाळी कंपनीच्या बसा जातात, त्यावरून सम्यक घड्याळ शिकला. भाकरी मोडून अर्धा, पाव आणि अर्धपाव झाले, आणि मैत्रीला कळलं की पाव भाकरी ही अर्ध्यापेक्षा लहान, चार आकडा दोनापेक्षा मोठा असला तरी. रविवारी आम्ही शहागंजला जातो. तिथले एक म्हातारे फळवाले चाचा तागडी पोरांच्या हातात देतात आणि म्हणतात, "अब बोल बेटा, पाव किलो को कित्ते वजन रखना?" सम्यक वजनं चढवतो, उतरवतो आणि मागची गिऱ्हाइकं खोळंबतात. मिलिंद कंपनीत क्वालिटीला आहे. त्यानं जाडी मोजायचा आपला जुना व्हर्नियर कॅलिपर घरी दिला, आणि मला ताप झाला. मैत्री माझी प्रत्येक भाकरी मोजायला लागली. "आई, मधे तीन एमएम, कडेला पाच. रिजेक्ट." मी म्हटलं, मग तूच कर. तिनं केली. आठवड्याभरात तिची भाकरी फुगायला लागली, आणि माझ्या पोरीचे प्रश्न परत आले. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी कुठंही झाकून ठेवत नाही.

फक्त एका माणसापुढं ताठ मानेनं उभं राहता येत नव्हतं. अण्णांना हे समजलं तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "जन्मभर घंटा वाजवली मी. ती माझ्याच नातवंडांनी ऐकू नये म्हणून व्हय?" मग फोन मायकडं दिला. पुढचं जवळजवळ वर्षभर तो मायकडंच राहिला. अण्णा वाळूजला यायचे बंद झाले. मी चिडले नाही. ज्याच्या बापाला दाराबाहेर बसवलं, त्याला 'आम्ही आपणहून बाहेर आलो' हे कुठल्या तोंडानं समजावणार?

एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही गावी गेलो. तुम्हाला आपल्या विहारातली रीत माहीत आहे. आधी सगळे मिळून वंदना आणि पंचशील म्हणतात, मग एकेक लेकरू उभं राहून नाव, शाळा आणि इयत्ता सांगतं, लोक टाळ्या वाजवतात आणि त्याला पेन मिळतो. ही रीत अण्णांनीच सुरू केलेली. त्यामुळं आदल्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्यांची नात उभी राहणार आणि काय सांगणार? पोरगी घरी बसवली, हे वाक्य आपल्याकडं शिक्षण तोडून लग्नाला ठेवलेल्या पोरीविषयी म्हणतात.

विहारात बसलो. मैत्रीचा पाली उच्चार स्वच्छ आहे, अण्णांनीच ती बारकी असताना मांडीवर बसवून एकेका शीलाचा अर्थ तिला सांगितला होता. पंचशील झालं. तिची पाळी आली. उभी राहिली, नाव सांगितलं आणि थांबली.

"शाळा सांग की, बाळा," कुणीतरी म्हणालं.

ती अण्णांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा म्हटले होते, तिसरीत हाय असं सांग. पण आपण आत्ताच सगळ्यांनी खोटं बोलणार नाही असं म्हटलं ना? मी शाळेत जात नाही. घरी शिकते."

मग मागच्या बायकांमधून एक हसली, आणि बघता बघता सगळा विहार हसायला लागला. अण्णा हसत नव्हते. मला अण्णांकडं बघायची लाज वाटत होती, आणि त्याच वेळी पोरीचा अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवंतामावशी पुढं बसल्या होत्या. त्यांनी हसू आवरून विचारलं, "मंग घरी काय शिकलीस गं?"

मैत्रीनं विचार केला. "पुष्कळ. पण अजून भाकरी मधे पातळ होते माझी."

पुन्हा हशा. तेवढ्यात अण्णा उठले. सावकाश पुढं आले. वाटलं, आता हिला खाली बसवतात. पण ते लोकांकडं वळले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. लेकराला शील बी मीच शिकवलं आन खोटं बी मीच शिकवलं. तिनं बराबर होतं तेवढंच घेतलं." मग त्यांनी पेन उचलला आणि स्वतःच्या हातानं तिला दिला. टाळ्या कुणी वाजवायच्या आधी त्यांनीच वाजवल्या.

माझ्याशी मात्र तेव्हाही बोलले नाहीत. निघताना फाट्यावर आले, जीप भरेपर्यंत थांबले. आता रिटायर झालेत, कुठली घंटा द्यायची नव्हती. पोरांच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

पंधरवड्यानं एका सकाळी वाळूजच्या आमच्या दारात अण्णा उभे. गंगापूरहून एसटीनं आलेले, खांद्यावर पोतं, घामानं निथळत. पोतं खाली ठेवलं तेव्हा फरशी दणाणली. आत रुळाचा तुकडा होता, त्यांची घंटा. गावच्या शाळेत विजेची बेल बसली तेव्हा निरोपसमारंभात गुरुजींनी ती त्यांनाच देऊन टाकली होती. इतकी वर्षं घरात बाजेखाली पडून होती.

"शाळा हाय म्हणता ना," ते मिलिंदला म्हणाले, माझ्याकडं न बघता. "मंग घंटा नको व्हय?"

मिलिंदनं गॅलरीत हूक ठोकला. अण्णांनी पोरांना टोला कसा द्यायचा ते दाखवलं, मनगट सैल ठेवून. सम्यकनं पहिला दिला तेव्हा खालच्या मजल्यावरचे नाईट शिफ्टवाले काका दार उघडून वर आले. त्यांची समजूत घालता घालता अण्णा पहिल्यांदा हसले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "चहा ठेव की गं." मी आत जाऊन आधी डोळे पुसले.

आता काकांच्या नाईटच्या आठवड्यात आम्ही टोल्याच्या सळईला फडकं गुंडाळतो. आवाज बोदा येतो, पण येतो.

गाव सोडून गेलेल्यांना सगळेच विचारतात, घर कुठलं तुमचं? मी बरीच वर्षं गावाचं नाव सांगायचे आणि मग घाईघाईनं 'राहायला वाळूजला' असं जोडायचे. आता सरळ वाळूज सांगते. रोज सकाळी दहाच्या आधी अण्णांचा फोन येतो. माझी खुशाली नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत.

"घंटा झाली का?"

मी म्हणते, "थांबा, अण्णा," आणि फोन गॅलरीत धरते. मैत्री टोला देते. तिकडं ते ऐकत असतात, आवाज विरेपर्यंत. मग म्हणतात, "व्हय. आली ऐकू."