एनॉस थॉर्नली, कुणाचा?

थॉर्नली नावाच्या गावात थॉर्नली आडनावाचीच माणसं राहतात. बाहेरच्या कुणाला यात गंमत वाटत असेल, तर त्यानं एकदा शुक्रवारी अल्मिना थॉर्नलीच्या टपालखिडकीत बसून बघावं. राजधानी नासावहून बोट आली की थैलीतून शंभर-सव्वाशे पत्रं निघायची आणि सगळी थॉर्नलींना. पहिली नावं गावानं बायबलातून घेतलेली, आणि बायबल पडलं एकच. त्यामुळे सात एनॉस, नऊ रूथ, आणि सॅम्युएल किती हे सॅम्युएलांनाही ठाऊक नव्हतं. इंग्लंडातही थॉर्नली नावाची गावं आहेत म्हणे. नासावच्या कुणा शहाण्यानं एकदा आख्खी थैली तिकडे धाडून दिली. ती पाच महिन्यांनी परत आली आणि अल्मिनाला नाताळच्या शुभेच्छा मे महिन्यात वाटाव्या लागल्या.

मूळचा थॉर्नली साहेब इंग्रज. त्यानं हे बेट कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. त्याचे गुलाम सुटले तेव्हा त्यांनी जमीन ठेवून घेतली, आणि ती हातची जाऊ नये म्हणून साहेबाचं नावही ठेवून घेतलं. तेव्हापासून रीत अशी, की ज्याचं आडनाव थॉर्नली त्यानं मोकळी जागा बघून घर बांधावं. जमीन विकायची नाही आणि कुणाला हुसकायचं नाही. "नाव साहेबाचं, जमीन आपली. सौदा वाईट नाही," अल्मिनाचा बाप म्हणायचा.

पण एका आडनावाखाली सगळं गाव म्हटल्यावर माणूस ओळखायचा कसा? म्हणून गावाचा एक प्रश्न ठरलेला होता, "कुणाचा?" शाळेत मास्तर हजेरी घेताना विचारायचे. बोटीचा कप्तान मॉक्सी धक्क्यावर गाठोडी उतरवताना ओरडायचा, "सॅम्युएल थॉर्नली, पिठाचं पोतं, कुणाचा?" मग गर्दीतून कुणीतरी हात वर करायचं, "माझा!" आणि पोतं त्या हातात जायचं. त्याखेरीज माणसामागे त्याचा नाहीतर त्याच्या बापाचा धंदा चिकटवत. ड्रुसिलाचा नवरा तो गवंडी एनॉस. अल्मिनाचा मुलगा तो शिंप्याचा एनॉस, कारण तिचा नवरा जोसाया बेटावरचा एकुलता एक शिंपी होता. मुलगा आठ वर्षांचा असताना जोसाया वारला. मागे एक कात्री, एक मशीन आणि हे पोर ठेवून गेला.

सव्वीस वर्षं खिडकी सांभाळली, पण चुकीच्या हातात पत्र दिलं असं अल्मिनाचं कधी झालं नाही. अक्षरावरून, चिकटवलेल्या तिकिटाच्या तिरपेपणावरून ती ओळखायची. वायरलेसही तिच्याकडेच होता. सकाळी नऊला नासाव बोलायचं, आणि तिकडून नुसतं नाव आलं की ती ठणकावून विचारायची, "कुणाचा?" नासावच्या कचेरीत तिला 'कुणाचा-बाई' म्हणत. तिला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

जूनमध्ये तिला मुलाचं पत्र आलं. नासावला जाऊन त्याला चार वर्षं झाली होती. त्यानं लिहिलं होतं, "आई, शिवणकाम बसलं. लोक तयार कपडे घेतात. आपल्या गवंडी एनॉसनं मला हाताखाली घेतलंय. हॉटेलाचं बांधकाम चाललंय, तिथं मीही आता गवंडीच. हात फाटलेत, पण पोट भरतं." अल्मिनानं पत्र दोनदा वाचलं आणि तिकिटांच्या खणात खाली सरकवलं. जोसाया शिंप्याच्या पोरानं चुन्यात हात घालावेत हे तिला सोसवेना. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं, की ती सांगायची, "शिवतोय." खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण हे खोटं तिला जमून गेलं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी वायरलेस बोलला.

"थॉर्नली, लिहून घ्या. एनॉस थॉर्नली..."

अल्मिनाची पेन्सिल थांबली.

"...गवंडी, राहणार थॉर्नली. आज पहाटे इस्पितळात वारला. न्यूमोनिया. शुक्रवारच्या बोटीनं पाठवतोय. घरच्यांना कळवा."

गवंडी म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच तिला तो पत्राचा खण आठवला. तो तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"मिस अल्मिना? आहात ना?"

"आहे."

"मग विचारा की तुमचं नेहमीचं."

"काय?"

"कुणाचा म्हणून. थांबत असाल तर चौकशी करतो. आईचं नाव काढायला पाच मिनिटं लागतील."

अल्मिनानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर कुणाची तरी बकरी चढून बसली होती. "गवंडी म्हणालात ना?" ती म्हणाली. "गवंडी आमच्याकडे एकच आहे. कळलं." आणि तिनं वायरलेस बंद केला.

ड्रुसिला अंगणात ताडाच्या पात्यांची वेणी घालत बसली होती. तिच्या पायाशी चार पोरांतलं धाकटं मातीत खेळत होतं.

"आत्या, आज मंगळवार. आज कसलं टपाल?"

"वाच," अल्मिना म्हणाली. तिनं लिहून घेतलेला कागद पुढे केला.

ड्रुसिलानं वाचलं. मग एवढंच म्हणाली, "त्याचे निळे सदरे मी अजून धुतले नाहीत." नंतर मात्र तिनं जो आवाज काढला, त्यानं सगळं गाव धावत आलं.

पुढले तीन दिवस अल्मिना त्या घरातून हलली नाही. तुरीचे दाणे शिजवले, मक्याच्या कण्या ढवळल्या, पोरांना न्हाऊ घातलं. ड्रुसिलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी अंगणात भजनं व्हायची आणि माणसं घसा बसेपर्यंत गायची. म्हातारी रूथ अल्मिनाकडे बघून म्हणाली, "हिचं काळीज बघा, दगडासारखं टणक. अशा वेळी घरात अशी एक बाई लागते." अल्मिनानं ते ऐकलं आणि कण्या ढवळत राहिली. तिला खरोखर काही वाटत नव्हतं. वाईटही नाही आणि भीतीही नाही. पळी फिरत होती, हात आपला आहे की दुसऱ्या कुणाचा हेही तिला नीट कळत नव्हतं.

पुरुष खड्डा खणायला गेले. या बेटावर वीतभर मातीखाली नुसता खडक. चार गडी, दोन पहारी, दोन दिवस. गवंडी एनॉसच्या बापाशेजारची जागा धरली. एक टिकाव मोडला, सॅम्युएल सुताराचा अंगठा चेचला. "गवंड्याचा खड्डा, खडक जरा भाव खाणारच," तो म्हणाला, आणि लोक रडता रडता हसले.

बुधवारी नऊ वाजले. गुरुवारीही वाजले. वायरलेस लावला नाही का, असं मास्तरांनी विचारलं. अल्मिना म्हणाली, "बॅटरी उतरलीये." बॅटरी चांगली होती. दोन शब्द विचारले असते तर नासावनं सांगितलं असतं. पण जोवर विचारलं नव्हतं, तोवर तिचा एनॉस कुठंतरी विटा रचत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिला तर कळसा कुठं आहे ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच ती हात वर करत नव्हती.

शुक्रवारी दुपारी बोट आली. आख्खं गाव काळे कपडे घालून धक्क्यावर उभं होतं. ड्रुसिलाला दोन्हीकडून दोघींनी धरलं होतं, त्यातली एक अल्मिना. आधी शवपेटी उतरली. चार खलाशांनी ती हळूच फळ्यांवर टेकवली. तिच्या मागोमाग, हातात टोपी धरून, शिडीवरून गवंडी एनॉस उतरला.

म्हातारी रूथ खाली बसली. ड्रुसिलाचा दंड अल्मिनाच्या हातातून सुटला, की अल्मिनानं सोडला, हे तिला पुढेही कधी आठवलं नाही.

एनॉस बायकोकडे आला नाही. काळ्या कपड्यांतलं सगळं गाव त्याला आपलं पेटीसाठीच आलेलं वाटलं. तो सरळ अल्मिनासमोर येऊन उभा राहिला. "आत्या, एकट्याला कसं पाठवू? म्हणून मी आलो बरोबर," तो म्हणाला. "पावसात भिजला होता. मी म्हणत होतो, आज थापी धरू नकोस. ऐकेल तर शपथ."

मॉक्सी कप्तानाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कागद घेऊन कठड्याशी आला. पेटी होती म्हणून टोपी काढली, आणि इतकी वर्षं जे ओरडत आला तेच हळू आवाजात म्हणाला, "एनॉस थॉर्नली. कुणाचा?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"माझा," अल्मिना म्हणाली.

पेटी त्याच संध्याकाळी पुरायला हवी होती. खड्डा एकच तयार होता आणि खडकाशी पुन्हा दोन दिवस झुंजायची कुणाच्यात धमक नव्हती. जमीन थॉर्नलींची, माणूस थॉर्नली, त्यामुळे विचारायचं कुणाला? शिंप्याचा एनॉस गवंड्याच्या बापाशेजारी गेला. पाद्रीबाबांनी तीन दिवस गायलेलंच भजन सुरू केलं, पण घसे बसलेले होते. बाया डोळ्यांना रुमाल लावत होत्या आणि रुमाल कोरडे होते. गावाचं रडून झालं होतं. जी माणसं तिच्या मुलासाठी रडली असती, ती तीन दिवस दुसऱ्याच्या अंगणात रडून रिकामी झाली होती, आणि त्या अंगणात त्यांना खायला घालत अल्मिनाच फिरत होती. आता त्यांच्या पोटात खोलवर, दाबून ठेवलेला, लाजरा आनंदही होता. गवंडी जिवंत होता. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते खाली बघत होते. अल्मिनाला ते दिसत होतं आणि तिला त्यांचा राग येत नव्हता. कशाचाच येत नव्हता.

घरी येऊन तिनं जोसायाच्या कात्रीला तेल लावलं, कारण तो शुक्रवार होता आणि दर शुक्रवारी ती लावायची.

सोमवारी खिडकी उघडली. पहिली आली ड्रुसिला. तिच्या मागे दोन सॅम्युएल उभे होते, ते मुद्दाम जरा लांब सरकले. ड्रुसिलानं अंगावरचे काळे कपडे काढले होते, पण रंगीतही घातले नव्हते. नवऱ्याचा एक निळा सदराच घालून आली होती.

तिनं सदऱ्याच्या आतून घडी केलेला कागद काढला. घामानं पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती.

"आत्या, हे माझ्याकडे राहिलं."

अल्मिनानं हात पुढे केला. ड्रुसिलानं कागद सोडला नाही.

"एनॉसनं मला सगळं सांगितलं. जूनपासून पोरगा त्याच्या हाताखाली होता. तुला पत्र घातलं होतं, असंही तो म्हणाला." ती सावकाश बोलत होती, आवाज चढू नये म्हणून. "तू तर पिठाच्या पोत्यालाही विचारतेस, कुणाचं म्हणून. त्या दिवशी का नाही विचारलंस?"

अल्मिनाला सांगता आलं असतं. कानाला नीट ऐकू आलं नाही, यंत्र खरखरत होतं, गवंडी म्हणाले म्हणून चुकले. गावानं ते सगळं मानलंही असतं. सव्वीस वर्षांची पुण्याई होती.

"उत्तर माहीत होतं," ती म्हणाली.

ड्रुसिलाच्या मुठीत कागद चुरगळला. "तीन दिवस माझी पोरं बिनबापाची झोपली," ती म्हणाली. "धाकट्यानं विचारलं, आता आपल्याला कुणाचे म्हणतील." पुढे काहीतरी तिच्या ओठावर आलं होतं, मोठं, टोचणारं. पण खिडकीच्या गजांमागे बसलेल्या बाईच्या तोंडावर मारायला कुठं जागाच उरलेली दिसेना.

तिनं कागद सरळ केला आणि फळीवरून आत सरकवला.

"मग हे तुझं टपाल," ती म्हणाली. "वेळेवर पोचलं नाही, एवढंच."

अल्मिनानं शिक्का उचलला, त्यावर अजून मंगळवारचीच तारीख होती. तिनं ती फिरवून सोमवारची केली आणि शिक्का मारला. मग पोच-वहीत नाव लिहिलं, एनॉस थॉर्नली. शेजारचा 'कुणाचा' हा रकाना तिनं इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी भरला होता. तिथं स्वतःचं नाव लिहून तिनं खाली पोचल्याची सही केली.

"पुढचा," ती म्हणाली, आणि पहिला सॅम्युएल खिडकीशी आला.