भावजींचं लाल शिवार

बीड जिल्ह्याची इतकी खडान्‌खडा माहिती असलेला आणि त्याच जिल्ह्यात इतक्या वेळा रस्ता चुकलेला माणूस आमच्या धाकट्या भावजींखेरीज दुसरा सापडायचा नाही. भावजी पाणलोटाच्या कामासाठी उपग्रहाची चित्रं वाचायचे. कुठे मुरूम, कुठे काळी माती, उतार कुणीकडे, सगळं टेबलाशी बसून सांगायचे. पण आष्टीच्या स्टँडवरून आमच्या घरी यायला त्यांना रिक्षावाला लागायचा. "वहिनी, वरून गल्ली फार सोपी दिसते," असं वर म्हणायचे. जेवताना त्यांचं मीठ ताटाच्या डावीकडे नसे, नैर्ऋत्येला असे. पिठल्याचा डोंगर करून त्यावर तेल सोडायचे आणि ते जिथून निसटेल तिथे भाकरीचा बंधारा घालायचे. त्यांच्या चित्रात हिरवं पीक लाल दिसतं, म्हणून "शिवार लाल होवो" असा आशीर्वाद ते लग्नातसुद्धा देत.

एकदा शिरूर कासारकडच्या एका गावात आमच्या पाणलोट सहकारी संस्थेची बैठक होती. मी सचिव, म्हणजे सतरंजीपासून चहापर्यंत सगळं माझ्याकडे. भावजींनी नकाशा टांगला आणि त्यात सुभद्राबाईंचं ओढ्याकाठचं रान पडीक निघालं. पडीक म्हणजे तिथे चर खणून झाडं लावायची आणि बंधारा दुसरीकडे न्यायचा. ओढ्यात पाणी थांबलं तर आपलं ऊसतोडीला जाणं थांबेल, एवढ्या आशेवर ती बाई होती. ती उठली.

"चित्र कवाचं हाय?"

"जानेवारीचं."

"तवा आमी कारखान्यावर गेलतो. घराला कुलूप दिसलं म्हून घर पडलं म्हनता का, सायेब?"

सगळे हसले, भावजी सगळ्यांत मोठ्यानं. मग त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला. आता चित्र हवं होतं पावसाळ्यातलं. पण पाऊस असला की ढग आडवे येतात आणि ढग नसले की रानात बघायला काही उरत नाही. त्या वर्षी अख्खा तालुका ढगांची वाट बघत होता आणि भावजी एकटे त्या ढगांना भोक पडायची. त्यासाठी नारळसुद्धा फोडला. "फक्त तिच्या रानापुरतं," असं देवाला बजावलं, अक्षांश-रेखांशासकट.

भोक पडलं. त्यातून बाजरीचा लाल ठिपका दिसला आणि बंधारा सुभद्राबाईंच्या रानाशीच झाला.

आता भावजींची नजर पार अधू झाली आहे, चित्रं बंद. जानेवारीत मात्र त्यांचा फोन येतो. यंदा आला तेव्हा मी त्याच रानात होते. सुभद्राबाईंच्या घराला कुलूप नव्हतं आणि त्या गव्हाला पाणी धरत होत्या.

"कसं आहे, वहिनी?" भावजींनी विचारलं.

मी हिरव्यागार गव्हाकडे बघत म्हटलं, "लाल आहे, भावजी. लई लाल."