पूर्णा पॅसेंजरमधला जप

परभणीहून पूर्णेला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावरच्या बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. साठीच्या असाव्यात. डोक्यावर पदर, मांडीवर मेथीची पिशवी, कानात इयरफोन. एकेक शब्द म्हणताना अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. माझ्या शेजारी बसलेल्या फेटेवाल्या आजोबांना वाटलं, जप चाललाय. त्यांनी समोरच्या बाकावर टेकलेले पाय हळूच खाली घेतले. शेंगावालाही न ओरडता पुढं गेला.

'जाले, त्यु आले, नूझालियाँ...' माझ्या कानावर पडत होतं.

"कोणतं स्तोत्र हो हे?" मी विचारलं.

बाई लाजल्या. "फ्रेंच शिकायलेय. मी जायचे, तू जायचीस, आमी जायचो. लेक तिकडंच असती. नातीला मराठी येत न्हाई."

"मग आधी 'कशी आहेस, जेवलीस का' असलं सोपं शिका की."

"ते येतंय मला. आता तिला तिच्या आजोबांचं सांगायचंय. रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवरून आले की दारात उभं राहून शिट्टी वाजवायचे, मी दार उघडेपर्यंत." त्यांचा अंगठा पुन्हा पेरांवर चढला. "ते गेले, हे लेकीनं सांगितलंय तिला. शिट्टी वाजवायचे, हे मी सांगणार हाय."

फेटेवाल्या आजोबांनी सगळं ऐकलं होतं. जप नव्हता, हे त्यांना कळलं होतं. तरी पूर्णा येईपर्यंत त्यांनी पाय पुन्हा वर घेतले नाहीत.