आकेनेसेने निवडलेला काळा

दूर दक्षिण समुद्रातल्या सावाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आकेनेसेला सगळे ओळखत ते तिच्या काजळीमुळे. लामा नावाच्या झाडाच्या तेलकट बिया वाळवायच्या, फोडून त्यांचा गर नारळाच्या हिरावर ओवायचा, पेटवायचा आणि वर पत्रा धरून धूर साठवायचा. पत्र्यावरची ती काजळी पिसाने खरवडून पाण्यात खलली की गोंदणाचा रंग तयार. खरवडताना ती श्वास रोखून धरी, एक शब्द बोलत नसे. गावातले दोन पिढ्यांचे पुरुष पाठीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत गोंदले गेले ते याच काळ्याने. आधी म्हाताऱ्या गोंदणकाराच्या हातून, मग त्याचा मुलगा अलापाती याच्या हातून.

पुढे बंद बाटल्यांतला रंग आला. अलापाती चाचरतच तिच्या दारी आला होता.

“ताई, आरोग्य खात्याची माणसं म्हणतात, बाटलीतला रंग स्वच्छ असतो. आणि तुझी नजरही आता...”

“माझ्या नजरेला काय झालंय?”

“मागच्या खेपेला रंगात मुंगी निघाली.”

“मेलेली होती ना? मग तिला काय दुखलं असतं?”

आसपासचे सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर सहा वर्षे तिच्याकडे कोणी काजळी मागितली नाही.

फेलेती तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर गावाची बस तोच चालवी. उतारूंशी गप्पा मारताना अर्धे लक्ष रस्त्यावर, अर्धे मागे, असा मनमोकळा मुलगा. त्याने गोंदवून घ्यायचे ठरवले तेव्हा अलापाती तीन बाटल्या घेऊन आकेनेसेकडे आला. नेहमीचा रंग मिळेनासा झाला होता आणि या तिन्ही नव्या होत्या.

“तिन्हींवर लिहिलंय, शुद्ध आणि सुरक्षित. वाचून काही कळत नाही. तुला काळ्यातलं कळतं. पोरगा तुझ्या घरचा, तूच निवड.”

तिने करवंटीत पाणी घेतले. पहिल्या बाटलीचा थेंब पाण्यात तपकिरी झाला. दुसऱ्याच्या कडेला निळसर झाक आली. तिसरा पसरलाच नाही, थेट तिच्या काजळीसारखा दाट राहिला. वास नव्हता. तरी घाई न करता तिने तो मनगटाच्या आतल्या बाजूला चोळला आणि तीन दिवस थांबली. खाज नाही, लाली नाही. चौथ्या दिवशी ती बाटली हातात घेऊन ती स्वतः अलापातीकडे चालत गेली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, “रंग मी निवडलाय.”

गोंदण एकट्याने घ्यायचे नसते, म्हणून चुलतभाऊ तवीता जोडीला होता. एक आडवा पडे, तेव्हा दुसरा बाजूला कण्हत बसे. कातडी ताणून धरणारे दोघे थट्टा करत, “फेलेती, बसमध्ये तर फार बोलतोस. आता बोल की.”

“थांबा... उठलो की तिकीट दुप्पट करतो तुमचं,” तो दात आवळून म्हणे. बायका गात, वारा घालत.

सूज सगळ्यांनाच येते. पण चौथ्या बैठकीनंतर आकेनेसेने वारा घालताना पाहिले, की फेलेतीच्या पाठीवरच्या रेघा दोरखंडासारख्या उठल्या आहेत आणि फक्त रेघांमधूनच पाणी गळते आहे. शेजारी तवीताची पाठ होती. त्याच बाटलीतला रंग, आणि पाठ गुळगुळीत.

तिने त्याला दवाखान्यात नेले.

“काहींच्या अंगाला रंगातलं काहीतरी मानवत नाही,” नर्सबाई म्हणाली. “काय, ते बाटलीवर सगळं लिहिलेलं नसतं.”

“मी माझ्या हाताला लावून पाहिला होता. तीन दिवस.”

“आजी, कातडीवर लावणं वेगळं आणि कातडीच्या आत जाणं वेगळं.”

“काढता येईल?”

“नाही. आणि आता पुढे टोचू नका.”

तरी, आपली काजळी त्याला मानवेल म्हणून, घरी येऊन आकेनेसेने बिया फोडल्या. दोन दिवस पत्र्याखाली बसून पुरेल इतकी काजळी धरली, आणि अलापातीने त्या काजळीने डावी मांडी सुरू केली. त्या रेघा सपाट बसल्या. एक दिवस सगळ्यांना वाटले, निभावेल. पण अंगाला नवे टोचणे सोसेना. जुनी पाठ पुन्हा फुटली, ताप चढला.

फेलेती मात्र थांबायला तयार नव्हता. अर्धवट गोंदणाचा माणूस म्हणजे काय, हे त्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. तो चारचौघांत उघडा बसत नाही, आणि त्याच्या बापाचे नाव निघाले की लोक विषय बदलतात.

अलापातीने हातातली गोंदायची दातेरी फणी धुतली. “तो म्हणतो तोवर मला टोचलंच पाहिजे, ताई. मी थांबवू शकत नाही. कोण थांबवू शकतं, ते तुला माहीत आहे.”

बापाच्या बहिणीचा शब्द तिकडे मोडत नाहीत. आकेनेसे फेलेतीच्या उशाशी बसली.

“बोलू नकोस आत्या,” तो चटईत तोंड खुपसून म्हणाला. “तू बोललीस तर मला ऐकावं लागेल.”

“माहीत आहे.”

“मग नको ना बोलूस. पाच बैठका राहिल्यात. मरत नाही मी.”

तिने त्याच्या मानेला हात लावला. चटका बसावा इतकी ती तापली होती. बराच वेळ ती नुसता वारा घालत राहिली. बायकांनी गाणे थांबवले होते.

“पुरे,” ती म्हणाली.

तो रडला नाही. चटईवरून उठून त्याने पाठ कापडाखाली झाकून घेतली.

तवीताचे गोंदण पुरे झाले तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर अंडे फोडले, अंगाला तेल चोळले. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि तिकडे कोणी पाहत नव्हते.

फेलेतीचा ताप गेला. उकाडा वाढला की रेघा अजून फुगतात. तो लांब पँट आणि सदरा घालून बस चालवतो, पोहायला सगळे परतल्यावर जातो. उतारूंशी बोलतो, पण विचारले तेवढेच. लग्नाचे बोलणे दोनदा निघाले आणि दोनदा विरले. अलापाती परत त्याच बाटलीने काम करतो. बाकी कोणालाही त्या रंगाने त्रास झालेला नाही.

दर रविवारी तापल्या दगडांच्या भट्टीत शिजलेल्या जेवणाचे पहिले ताट फेलेती आत्याकडे आणतो. एकदा तिने त्याचा हात धरला.

“माझ्यावर चिड रे एकदा. रंगही मीच निवडला आणि थांबवलंही मीच.”

“आत्यावर कोणी चिडतं का?” तो म्हणाला. ताट तिच्यापुढे सरकवून, रीतीप्रमाणे पाठ न दाखवता, वाकून तो मागे मागे दारापर्यंत गेला.

तो टोमणा नव्हता. त्याला खरेच चिडता येत नव्हते. ज्या शब्दापुढे तो थांबला, त्याच शब्दाचा मान त्याला आयुष्यभर ठेवायचा होता, आणि तिला तो मान घ्यायचा होता.