कूलरसमोरची खुर्ची

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमच्या दैनिकाच्या परभणी कार्यालयातला कूलर हलवण्यात आला. आधी त्याचा वारा बैठकीच्या टेबलाभोवती सगळ्यांना थोडा थोडा मिळे. आता तो दाराजवळच्या एकाच खुर्चीकडे तोंड करून ठेवला गेला.

निमित्त होते मुख्यालयाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे. विषय, कार्यालयात सर्वांना सामावून घेणे. प्रशिक्षक बाईंनी सांगितले होते की हुकूम सोडू नका, मांडणी अशी बदला की माणसे आपसूक नीट वागतील. आमच्याकडे सामावून घ्यायला एकच व्यक्ती होती, पालमहून एसटीने येणारी नवी बातमीदार. सकाळच्या बैठकीत ती बातमी सुचवी. सगळे ज्यांना दादा म्हणत ते ज्येष्ठ बातमीदार आधी कधीच बोलत नसत. तिचे संपले की म्हणत, "हे माझ्याकडं हाय ताई. मी बघतो." बातमी त्यांच्या नावाने छापली जाई. तिच्या नावाने रांगोळी स्पर्धा तेवढ्या येत. जूनमध्ये तिची उमेदवारी संपणार होती आणि कायम करायचे की नाही, हे नावानिशी आलेल्या बातम्यांवर ठरणार होते.

कार्यालयप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, नियम सांगितला. कूलरसमोर बसेल त्याने पहिली बातमी सांगायची. ती त्याच्याच नावाने जाईल. दाराजवळ नेहमी तीच बसते, असा त्यांचा हिशेब होता.

मंगळवारी दादा सगळ्यांच्या आधी येऊन त्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"बोला दादा," साहेब म्हणाले.

"आधी पोरांचं ऐकू की."

"पोरं उकडून निघायलेत. तुमी बोला."

"भाजीपाला लय महागलाय."

"ती काल छापली," मी डेस्कवरून सांगितले. "तुमच्याच नावानं."

बुधवारी दादांनी वाढत्या उन्हावर लिहायचे सुचवले.

"कूलरम्होरं बसून?" जाहिरात विभागातून विचारणा झाली.

गुरुवारी दादा खिडकीशी बसून कालच्या अंकाने वारा घेत होते. इतर बातमीदारांना एकाएकी कूलरने सर्दी होऊ लागली होती. एसटी उशिरा आल्याने ती धावतच आत शिरली आणि एवढी एकच खुर्ची रिकामी होती म्हणून तिथे बसली.

"बोला मॅडम."

एका बसस्थानकातले महिलांचे स्वच्छतागृह कुलूपबंद असून किल्ली कॅन्टीनवाल्याकडे असते, असे तिने सांगितले. चहा घेतल्याशिवाय तो किल्ली देत नाही.

"खात्री केलीय?"

"दोनदा चहा घेतला, साहेब. लय गोड असतो."

दादा पुढे झुकले. "हे माझ्याकडं..."

"तुमच्याकडं? बायकांच्या संडासाची किल्ली?" साहेबांनी विचारले.

दादांनी अंक पुन्हा हलवायला घेतला.

शुक्रवारी बातमी पहिल्या पानावर, तिच्या नावाने आली. शनिवारी कुलूप निघाले. पुढच्या आठवड्यांत त्या खुर्चीवर तीच बसत राहिली. दादांनी टेबल फॅनची लेखी मागणी केली. ती मुख्यालयात प्रलंबित आहे. जूनअखेर तिला कायम केल्याचे पत्र आले.